पातं धारेला गेलंय

कटरमामांवर मी आयुष्यात दोनदा चिडले. पहिल्यांदा चूक त्यांची नव्हती आणि दुसऱ्यांदा चूक सगळी माझी होती. ती दुसरी अजून माझ्या मानगुटीवरून उतरलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची कोशकचेरी पहिल्या मजल्यावर होती. इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करायचा, पाच खंडांत, हे आमचं काम. तीन टेबलं, चिठ्ठ्यांनी भरलेली चौदा कपाटं, आणि कुठलाच वाद कधी न संपवणारे मुख्य संपादक. त्यांना आम्ही पाठीमागे ‘अर्धविराम’ म्हणायचो. माझ्याकडे ‘बी’ हे अक्षर होतं. तळमजल्यावर छापखाना, आणि माझ्या खुर्चीच्या बरोबर खाली कागद कापायचं मशीन. त्याचं पातं पडलं की माझ्या पायाखालची फरशी हादरायची आणि टेबलावरच्या चिठ्ठ्या बोटभर सरकायच्या. एके दिवशी त्या हादऱ्यानं चहाचा कप कलंडला, महिन्याभराचं काम भिजलं, आणि मी तरातरा खाली गेले.

मशीनसमोर एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. मी तोंड उघडलं, तर त्यानं मान न वळवता एक बोट वर केलं. म्हणजे थांबा. गठ्ठा ठोकून सारखा केला, वरची दाबपट्टी घट्ट आवळली, मग दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबली. पातं तिरकं खाली आलं आणि पाचशे कागद एका दमात कापले गेले. मग त्यानं दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरले.

"आता बोला, बाई. पातं चालू असताना मी बोलत नाही. सव्वीस वर्षं झाली, दहाच्या दहा आहेत."

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. "मोजून घ्या हो बाई. ते सगळ्यांना दाखवतात."

ती त्यांची बायको. सगळा छापखाना यांना कटरमामा म्हणायचा, म्हणून त्या मामी. मामी छापलेल्या कागदांना घड्या घालायच्या, पण घरी बसून. आठवड्यातून दोनदा येऊन घडी घातलेला माल टाकायच्या आणि नवे कागद घेऊन जायच्या. एक मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक लावून शिवायचे, मग मामांनी तीन बाजूंनी कापायचे, तेव्हा पानं मोकळी होतात. तोवर पुस्तक मुकं असतं, असं मामी म्हणायच्या. त्यांच्याकडे वीतभर लांबीची एक हाडाची पट्टी होती, चपटी, कडेनं गोल, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिनं त्या घडी दाबायच्या, आणि काम नसलं की अंबाड्यात खोचून ठेवायच्या. मामा त्यावरून त्यांची चेष्टा करायचे की हिच्या डोक्यात हाडाशिवाय काही नाही.

भांडायला गेले होते, पण त्यांच्याच हातचा दुसरा चहा पिऊन वर आले.

पुढं काही महिन्यांनी ‘ब्लेड’ हा शब्द माझ्या टेबलावर आला आणि मी अडकले. शब्द साधा, शाळेतल्या पोरालाही येणारा. पण अर्थ बघायला गेलं तर पसारा. दाढीचं ब्लेड, सुरीचं पातं, तलवारीचं पातं, करवतीचं पातं, हे सगळं ठीक. पण मग पंख्याचं पातं? वल्ह्याचं पातं? गवताचं पातं? खांद्यामागच्या चपट्या हाडालाही इंग्रजीत हाच शब्द. यातल्या निम्म्यांना धारच नाही. मूळ शोधत गेले तर कळलं की जुन्या इंग्रजीत हा शब्द म्हणजे झाडाचं पान. रुंद, चपटं, पातळ ते सगळं पानासारखं, म्हणून त्याला ते नाव. धार मागाहून आली. जर्मन भाषेत याचा सख्खा भाऊ अजून जिवंत आहे आणि तो झाडाच्या पानालाही चालतो, कागदाच्या पानालाही. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पातं, कांद्याची पात, पत्रा, पत्र, सगळं एकाच गोतावळ्यातलं.

मी हे खाली जाऊन मामांना सांगितलं. मला शब्द बोलणारा माणूस हवा होता. पुस्तकातली वाक्यं वाचून वाचून माझं डोकं विटलं होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मग पात्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"म्हणजे कापणारं आणि कापलं जाणारं, दोघं एकाच घरातले," ते म्हणाले. "आणि मी सव्वीस वर्षं घरातल्या घरात भांडणं लावतोय."

"तुम्ही याला ब्लेड म्हणता की पातं?"

"ब्लेड ते दाढीचं. हे पातं."

"मग पातं शब्द घालून एक वाक्य सांगा. तुम्ही रोज म्हणता असं. शोभेचं नको."

मामा विचारात पडले. सव्वीस वर्षं ज्या वस्तूबरोबर काढली तिच्याबद्दल माणसाला एकदम काय बोलता येणार? मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "पातं धारेला गेलंय, आज लवकर येतो."

माल टाकायला आलेल्या मामी शेजारीच होत्या, त्या लाजल्या. पन्नाशीच्या बाईला तसं लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं. "अहो, ते तुम्ही मला फोनवर सांगता ते. जगाला कशाला?"

त्या छापखान्यात पातं एकच होतं. मालक दुसरं घेऊ घेऊ म्हणायचे आणि ते राहूनच जायचं. दर पंधरा-वीस दिवसांनी पातं बोथट झालं की दुपारी ते काढायचं, लाकडी खोक्यात घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला धारवाल्याकडे पाठवायचं, आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायचं. तेवढा वेळ मामा मोकळे. ते घरी फोन करून हे एक वाक्य बोलायचे. मग, लेक लहान होती तेव्हा, तिला शाळेतून घ्यायचं आणि तिघांनी पुलापर्यंत चालत जायचं, बाकावर बसायचं, दाणे खायचे, परत यायचं. त्यांच्या घरात त्याला ‘पात्याचा दिवस’ म्हणत. दर धारेला पातं केसभर झिजतं. झिजत झिजत ते बोल्टांच्या भोकांपर्यंत आलं की संपलं, मग नवं आणायचं. मामा आपलं आयुष्य पात्यांत सांगायचे. पहिल्या पात्याला लग्न, दुसऱ्याला लेक, चौथ्याला लेकीची नोकरी.

मी ते वाक्य चिठ्ठीवर जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याचं इंग्रजी करून शेजारी ठेवलं. मामींना सांगितलं की हे कोशात छापून येणार.

ते मी सहज बोलले होते. पण मामींनी ते मनात धरून ठेवलं. मामा अक्षरं जुळवत जेमतेम वाचायचे. मामी मात्र हावरटासारख्या वाचायच्या, घडी घालताना फर्म्याची जेवढी पानं दिसतील तेवढी. त्यांनी हजारो पुस्तकं अशी अर्धी अर्धी वाचली होती, आणि एकाही पुस्तकात आपलं काही नव्हतं. आता येणार होतं. शेजारणीला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं, लेकीच्या सासरी सांगितलं. दर भेटीत मला विचारायच्या, "बाई, आमचा ‘बी’ कुठवर आला?" मी म्हणायची, येतोय. कोशाचं ‘येतोय’ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. आठ वर्षं गेली.

आठव्या वर्षी पहिला खंड छपाईला लागला आणि त्याच सुमाराला मामींचं येणं थांबलं. त्यांच्या जागी दुसरीच बाई माल न्यायला यायला लागली. मी विचारलं नाही. कामाच्या रगाड्यात होते, हे खरं. आणि विचारायला हवं होतं, हेही खरं.

तेव्हा माझं आणि अर्धविरामांचं ‘ब्लेड’वरून जुंपलं होतं. ते म्हणत, धार हा अर्थ आधी द्या. लोक कोश उघडतात ते त्यासाठी. मी म्हणत होते, पान आधी. शब्द जसा वाढला तसाच दाखवायचा. ते मला टिपण पाठवायचे, मी त्यांना उलट टिपण पाठवायची. समोरासमोर टेबलं असूनही. त्या एका फर्म्याचं प्रूफ मी अडवून धरलं. बाकीचे फर्मे छापून झाले आणि तो एक राहिला. तीन आठवडे.

त्यातच एक दिवस मामा जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, तो आपला फर्मा कधी सुटेल?"

मी तेव्हाच अर्धविरामांचं एक तिरसट टिपण वाचत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "मामा, कोश म्हणजे लग्नाची पत्रिका नव्हे. होईल तेव्हा होईल. मशीन रिकामं बसलंय म्हणून घाई आहे का?"

"नाही, नाही," ते म्हणाले. "चालू द्या तुमचं." आणि गेले.

संध्याकाळी खालच्या कंपोझिटरकडून मला कळलं. मामींना पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. मामींनी एकच गोष्ट मागितली होती, की ते वाक्य छापलेलं बघायचंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धविरामांच्या टेबलावर प्रूफ आपटलं आणि म्हटलं, धार आधी घाला, काय हवं ते घाला, पण आज सही करा. माझा चेहरा बघून त्यांनी सही केली, आणि अर्थांचा क्रम माझाच ठेवला. आयुष्यात जिंकलेला तो माझा एकमेव वाद. त्याची मला कधी फुशारकी वाटली नाही.

फर्मा छापून वाळायला आणि घडी घालायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी पहिला घडी घातलेला फर्मा मामांच्या हातात आला. आणि नेमकं आदल्या दुपारी पातं धारेला गेलेलं होतं.

मामांनी विचार केला की पातं येईपर्यंत दुपार होईल, त्यापेक्षा असाच नेऊन दाखवू. न कापलेला फर्मा पिशवीत घालून ते इस्पितळात गेले. पुढचं सगळं मला त्यांच्या लेकीनं सांगितलं. ती तिथंच होती.

मामींनी फर्मा हातात घेतला आणि आधी घडी तपासली. "ही कोणी घातली? दोराभर बाहेर आहे," म्हणाल्या. मग आमचं पान शोधायला लागल्या. ते पान आतल्या बाजूला होतं, वरून घडीनं बंद. मामांनी बोटांनी फर्मा फुगवून धरला, मामींनी आत डोकावून पाहिलं. रकान्याची डावी कड दिसली, वाक्य उजवीकडं होतं. मामा म्हणाले, फाडतो. मामी म्हणाल्या, खबरदार. मामा म्हणाले, नर्सकडून ब्लेड मागतो. मामी म्हणाल्या, "नर्सचं ब्लेड टाके कापायला. माझं पुस्तक तुम्ही मशीनवर कापायचं. पातं दुपारी येईल ना? जा, नीट कापून आणा. मी आहे इथंच."

मामांनी आयुष्यात कधी कागद फाडला नव्हता. ज्याला हे हसण्यासारखं वाटेल त्याने ते मशीन बघायला हवं होतं. फाटलेली कड म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा होता, आणि तो गुन्हा बायकोच्या पुस्तकावर करायचा? ते उठले आणि छापखान्यात परत आले.

पातं बाराऐवजी दीडला आलं. मामांनी ते चढवायला घेतलं. मी खाली गेले होते, मला राहवलं नव्हतं. पाच बोल्ट. चौथा बसेना. त्यांच्या हाताला घाम होता आणि पाना घसरत होता. मी पहिल्यांदाच त्यांना शिवी देताना ऐकलं, ती त्या बोल्टला. मग पातं समपातळीत आणलं, खालची लाकडी पट्टी उलटवली, कारण पातं शेवटी त्या पट्टीत रुततं आणि जुन्या खाचेवर नवी धार लावली तर शेवटचा कागद दातेरी निघतो. एकटा फर्मा दाबपट्टीखाली नीट बसत नाही, म्हणून खाली-वर कोऱ्या कागदांचे थर लावले. मी मनात म्हणत होते, मामा, असू द्या हो दातेरी. पण तोंडानं बोलले नाही. पातं चालू असताना त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

त्यांनी दोन बटणांवर दोन हात ठेवले. तेवढ्यात मालकांच्या खोलीतला फोन वाजला.

मालक दारात आले, म्हणाले, इस्पितळातून होता. मामांनी हात उचलले.

तो फर्मा मामांनी कापला नाही. पंधरा दिवसांनी ते कामावर आले आणि पहिल्या खंडाच्या दोन हजार प्रती त्यांनी कापल्या. माझ्या खुर्चीखाली फरशी हादरत होती आणि मी चिठ्ठ्या न आवरता तशीच बसून राहायची. प्रत्येक प्रतीत ते वाक्य होतं. मामांनी एकही प्रत उघडून पाहिली नाही. ते माझ्याशी पहिल्यासारखेच बोलायचे, चहा द्यायचे. त्या तीन आठवड्यांबद्दल ते बोलले नाहीत आणि मलाही बोलायचं धाडस झालं नाही. मी भित्री आहे. शब्दांच्या वादात वाघीण, एरवी भित्री.

सात वर्षांनी, मामा निवृत्त होऊन घरी बसले होते, तेव्हा त्यांच्या लेकीचा फोन आला. "बाबांनी बोलावलंय. येताना चष्मा आणा, म्हणाले."

मामा खिडकीशी खुर्चीत बसले होते. हात कापत होते, पण बोटं दहाच्या दहा. मांडीवर तो फर्मा. कडेनं पिवळा पडलेला, अजून बंद.

बसल्याबसल्या मी माझं ओझं टाकलं. म्हटलं, मामा, तीन आठवडे तो फर्मा मी अडवला होता. पान आधी की धार आधी, एवढ्यासाठी.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मग काय ठरलं शेवटी?"

"पान आधी."

"बरं केलंत." त्यांनी हात झटकला, जणू टेबलावरची कात्रणं झाडताहेत. मला त्यानं बरं वाटलं नाही. पण ते रागावले नव्हते, हे खरं.

मग त्यांनी खिशातून मामींची हाडाची पट्टी काढून माझ्या हातात दिली. "याने उघडा. मला आता जमत नाही."

मी पट्टी घडीत घातली आणि एकदम थांबले. पट्टी अशी सहज आत गेली. घडी दाबणारी पट्टी घडी उघडूही शकते, हे घडीचं काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तिला धार नाही, पण ती पातळ आहे, चपटी आहे. तेवढं पुरतं.

लेक माझ्याकडेच बघत होती. "त्या दिवशी ही आईच्या उशीखाली होती," ती म्हणाली. "बाबांना मी आत्ता, गेल्या महिन्यात सांगितलं. बाबा छापखान्यात गेल्यावर मी तिला म्हटलं, अगं, पट्टी आहे ना तुझ्याकडे. तर म्हणाली, असू दे. आज काही खरं नाही माझं. तो माणूस इथं रिकाम्या हातानं बसून बघत राहिला असता. त्याच्या हाताला काम दिलंय. मला शपथ घातली होती तिनं. पण बाबा सात वर्षं स्वतःला खात बसलेले मला बघवेना."

"मी त्या चौथ्या बोल्टला शिव्या देत होतो," मामा म्हणाले. "सात वर्षं. रोज."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उघडा ना."

मी पट्टी हळूहळू पुढं सरकवली. घडी सुटत गेली. कडा मशीनसारख्या सरळ निघाल्या नाहीत, जरा लोकरी निघाल्या. मामांनी त्यावरून बोट फिरवलं. मी चष्मा लावला. पहिला अर्थ, पान, पातं. दुसरा, वल्ह्याचा किंवा पंख्याचा रुंद चपटा भाग. तिसरा, कापणाऱ्या हत्याराचा धारेचा भाग. त्याच्याखाली, बारीक तिरक्या टायपात, त्यांचं वाक्य.

"पातं धारेला गेलंय," मी वाचलं, "आज लवकर येतो."

मामा लेकीकडे वळले आणि तिलाच विचारल्यासारखं म्हणाले, "गेलो होतो ना गं मी लवकर? त्या दिवशीही पातं धारेलाच होतं. मी लवकरच गेलो होतो. तिनं परत पाठवलं."